पुरुषांच्या लघवीच्या तक्रारी: तीन दिवसांच्या वहीपासून शस्त्रक्रियेपर्यंत

मराठवाड्यात शेतीपंपाची थ्री-फेज वीज बऱ्याच गावांत एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री अशी पाळीने मिळते. रात्रीच्या लाईटच्या आठवड्यात दोन-अडीचला मोटार चालू करायला उठणारा साठीचा शेतकरी लघवीला किती वेळा उठला, हे घरात कोणी मोजत नाही आणि तो स्वतःही मोजत नाही. दिवसाची लाईट आली की मात्र गोष्ट उघडी पडते, कारण त्या आठवड्यात उठण्याचे काहीच कारण नसते आणि तरीही तो तीनदा उठलेला असतो. यावर घरातले म्हणतात, "वय झालं." मेडिकलवाला म्हणतो, "प्रोस्टेट असेल, ही गोळी घ्या." दोघांचेही म्हणणे कधी कधी बरोबर निघते, पण तपासल्याशिवाय निघालेले बरोबर उत्तर हा निव्वळ योगायोग असतो.

रात्री तीनदा उठणाऱ्या तीन माणसांची उदाहरणे घेऊ. एकाची साखर वाढलेली आहे, त्यामुळे त्याच्या शरीरात लघवीच जास्त तयार होते. दुसऱ्याच्या पायांवर दिवसभर सूज असते आणि आडवे झाल्यावर ते पाणी रक्तात परत येऊन रात्री लघवीवाटे बाहेर पडते. तिसऱ्याची प्रोस्टेट ग्रंथी वाढल्याने मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही. तक्रार एकच असली तरी आजार तीन आहेत आणि तिसऱ्याची गोळी पहिल्या दोघांच्या काही कामाची नाही. म्हणून या लेखात आधी मोजणे, मग कारण शोधणे आणि त्यानंतर उपचार, असा क्रम ठेवला आहे.

प्रोस्टेट, म्हणजे पुरस्थ ग्रंथी, फक्त पुरुषांना असते. ती मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रनलिकेभोवती कड्यासारखी बसलेली असते आणि तरुणपणी साधारण अक्रोडाएवढी, सुमारे २० ग्रॅमची असते. चाळिशीनंतर ती हळूहळू वाढू लागते. पेशींच्या पातळीवर पाहिले तर साठीपर्यंत जवळपास निम्म्या पुरुषांत ही वाढ आढळते आणि ऐंशीनंतर बहुतेकांत. ही वाढ कर्करोगाची नसते, आणि तिचे पुढे कर्करोगात रूपांतरही होत नाही.

वाट पाहायची नाही अशा खुणा

पुढचे सारे सावकाश वाचता येईल, हा भाग मात्र आधी वाचावा.

ओटीपोट फुगले आहे, कळ असह्य आहे आणि लघवीचा एक थेंबही उतरत नाही, याला लघवी तुंबणे म्हणतात आणि त्यासाठी त्याच तासाला दवाखाना गाठावा लागतो. अशा वेळी "जोर येईल" म्हणून तांब्याभर पाणी, सोडा किंवा उसाचा रस पाजण्याची पद्धत सर्रास आहे, आणि ती घातक आहे, कारण दार बंद असलेल्या टाकीत आणखी पाणी सोडल्याने दार उघडत नाही, टाकी तेवढी ताणली जाते. लघवी वाढवणारे इंजेक्शन देणे हीही तीच चूक आहे. मूत्राशयात नळी घालून लघवी मोकळी करणे हाच तातडीचा उपाय आहे आणि ते काम तालुक्याच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात सहसा होते. वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

थंडी वाजून ताप आणि सोबत लघवीची जळजळ, अडथळा किंवा कुशीत कळ असेल तर जंतुसंसर्ग मूत्रपिंडात किंवा रक्तात पोहोचत असल्याची शक्यता असते, आणि मुतखड्याच्या रुग्णाला असा ताप आला तर तो रात्रभरही अंगावर काढू नये. कंबरदुखीच्या माणसाची बैठकीची जागा एकाएकी बधिर झाली, पाय लुळे पडू लागले आणि लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर दोष मूत्राशयाचा नसून मणक्यातील नसांवर आलेल्या दाबाचा असतो. तिथे काही तासांचा उशीरही कायमचे अपंगत्व देऊ शकतो.

चौथी खूण दुखत नाही आणि म्हणूनच फसवते: लघवीतून, एकदाच का होईना, रक्त जाणे. बिडी, सिगारेट ओढणाऱ्या माणसाला न दुखता लाल लघवी झाली आणि दुसऱ्या दिवशी आपोआप साफ झाली, तर तो सुटकेचा श्वास सोडतो. मूत्राशयाच्या कर्करोगाचे हे नेहमीचे पहिले लक्षण आहे आणि धूम्रपान हे त्याचे सर्वांत मोठे टाळता येण्याजोगे कारण आहे. रक्त थांबले तरी तपासणी त्याच आठवड्यात करून घ्यावी. गुठळ्या पडू लागल्या तर त्याच दिवशी जावे, कारण गुठळीने लघवी तुंबते.

पहिली पायरी: तक्रार नेमक्या शब्दांत मांडणे

"लघवीचा त्रास आहे" एवढे सांगून डॉक्टरला काहीच कळत नाही. तक्रारी तीन जातींच्या असतात. काही साठवणीच्या असतात: वारंवार जावे लागणे, एकदम जोराची भावना येऊन संडासापर्यंत पोहोचण्याआधीच कपडे ओले होणे, रात्री उठावे लागणे. काही बाहेर टाकण्याच्या असतात: उभे राहून वाट पाहावी लागणे, धार बारीक होणे, मधेच तुटणे, जोर द्यावा लागणे. तिसऱ्या जातीच्या तक्रारी लघवी झाल्यानंतरच्या असतात, म्हणजे पूर्ण झाली नाही असे वाटणे किंवा आवरून निघाल्यावर चार थेंब गळणे.

डॉक्टर यासाठी एक प्रश्नावली वापरतात. तिच्यात गेल्या महिन्याभराच्या त्रासाविषयी सात प्रश्न असतात आणि प्रत्येकाला ० ते ५ गुण असतात. बेरीज ७ पर्यंत असेल तर त्रास सौम्य, ८ ते १९ मध्यम आणि २० ते ३५ तीव्र समजला जातो. आठवा प्रश्न वेगळा विचारला जातो: उरलेले आयुष्य असेच काढायचे झाले तर कसे वाटेल? उपचार किती नेटाने करायचे, हे बऱ्याचदा या आठव्या उत्तरावर ठरते.

लाजेचा प्रश्नही इथेच येतो. मुलगा किंवा जावई शेजारी बसलेला असताना आमच्याकडचा वडीलधारा माणूस "कपडे ओले होतात" हे कधीच सांगत नाही, "बरं आहे" म्हणून उठतो. म्हणून सोबत समवयस्क मित्राला न्यावे, किंवा मुलाने स्वतःहून दोन मिनिटे बाहेर थांबावे.

दुसरी पायरी: तीन दिवसांची वही

या लेखातून एकच गोष्ट करायची असेल तर ती ही करावी, कारण दहा-वीस रुपयांच्या वहीतून जे कळते ते कित्येकदा महागड्या तपासणीतून कळत नाही.

एक जुना प्लास्टिकचा मग घ्यावा. औषधाच्या बाटलीवरच्या मापाने किंवा एक लिटरच्या रिकाम्या बाटलीच्या हिशेबाने त्यावर १००, २००, ३०० मिलिलिटरच्या खुणा मार्करने कराव्यात आणि तो मग या कामासाठीच वेगळा ठेवावा. सलग तीन दिवस, दिवसरात्र, प्रत्येक वेळची लघवी त्यात करून वेळ आणि माप लिहावे. काय प्यायले (पाणी, चहा, ताक, दारू) तेही वेळेसह लिहावे, घाई झाली असेल किंवा कपडे ओले झाले असतील तर शेजारी फुली मारावी. झोपायला गेल्याची आणि उठल्याची वेळ न विसरता नोंदवावी. लग्नाचा दिवस, उपवासाचा दिवस, एसटीने लांबचा प्रवास आणि रात्रीच्या लाईटचा आठवडा यासाठी निवडू नये, कारण त्या दिवसांचे आकडे खोटे बोलतात. एप्रिल-मे मध्ये पारा ४२ अंशांवर असताना घामावाटे पाणी जाऊन लघवी कमी होते, तेव्हा वहीच्या वरच्या कोपऱ्यात महिना आणि दिवसभर उन्हात काम केले की सावलीत, हेही टिपावे.

आता वही वाचायची कशी ते पाहू. पहिल्यांदा २४ तासांची बेरीज करावी. वजनाच्या प्रत्येक किलोमागे ४० मिलिलिटरपेक्षा जास्त, म्हणजे ६० किलोच्या माणसाला २,४०० मिलिलिटरपेक्षा जास्त लघवी होत असेल, तर ती मुळातच जास्त तयार होत आहे. मग प्रोस्टेटकडे बोट दाखवण्याआधी साखर तपासावी आणि पाणी किती प्यायले जाते ते पाहावे. त्यानंतर रात्रीची बेरीज करावी. झोपायला गेल्यानंतरची प्रत्येक लघवी आणि सकाळी उठल्यावरची पहिली लघवीही रात्रीतच धरायची असते, कारण ती रात्रीच तयार झालेली असते. समजा एकूण १,८०० पैकी ८०० मिलिलिटर रात्रीची निघाली, तर ती ४४ टक्के झाली. उतारवयात हे प्रमाण एक-तृतीयांशाच्या वर गेले की रात्री लघवीच जास्त तयार होते असे समजतात. अशा माणसाचा प्रोस्टेट कापून काढला तरी तो रात्री उठतच राहील, आणि ऑपरेशनने काही फरक पडला नाही असे गावभर सांगेल.

शेवटी एकेका वेळचे माप पाहावे. निरोगी मूत्राशयात ४०० ते ५०० मिलिलिटर मावते. दिवसा आणि रात्रीही प्रत्येक वेळी १०० ते १५० च होत असेल आणि एकूण बेरीज मात्र ठीक असेल, तर एकतर मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही, किंवा ते चिडलेले आहे आणि थोड्या लघवीवरच हाक देते. यातले कोणते, हे वहीवरून कळत नाही, त्याला सोनोग्राफी लागते.

तिसरी पायरी: कारणांचा माग

वहीत रात्रीची लघवी जास्त निघाली असेल तर संध्याकाळी पायाच्या नडगीवर अंगठा दाबून पाहावा. खड्डा पडत असेल तर पायात पाणी साठते आहे. त्यामागे हृदय, मूत्रपिंड किंवा यकृत असू शकते, तशीच रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन ही गोळीही असू शकते, कारण पायावर सूज आणणे हा तिचा परिचित दुष्परिणाम आहे. लघवी वाढवणारी गोळी रात्री घेतली जात असेल तर दोष फक्त वेळेचा असतो. मोठ्याने घोरणाऱ्या आणि झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसालाही रात्री लघवी जास्त होते, आणि ही गोष्ट त्याला नव्हे तर त्याच्या बायकोला ठाऊक असते. तेव्हा तिलाही विचारावे.

मधुमेह दोन्ही बाजूंनी मारतो. साखर जास्त असताना लघवी वाढते, आणि वर्षानुवर्षे साखर काबूत नसेल तर मूत्राशयाच्या नसा दुबळ्या होऊन भरल्याची जाणीवच उशिरा होते व लघवी शिल्लक राहू लागते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या मधुमेहाच्या गोळ्या साखर लघवीवाटेच बाहेर काढतात. त्या सुरू झाल्यावर लघवी वाढणे अपेक्षित असते आणि शिश्नाच्या टोकाला बुरशीची खाज सुटू शकते. गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरला सांगावे.

सर्दी-पडशाच्या साध्या गोळ्यांकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. फिनायलेफ्रिन, स्यूडोएफेड्रिन आणि क्लोरफेनिरामिन असलेल्या मिश्र गोळ्यांनी मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू आवळतात किंवा मूत्राशय सुस्तावते. हिवाळ्यात सर्दी झाली, मेडिकलमधून चार गोळ्या आणल्या आणि दुसऱ्या दिवशी लघवी तुंबली, ही घटना अजिबात दुर्मीळ नाही. बद्धकोष्ठतेनेही असेच होते.

मुतखडा हा आमच्या भागाचा जुना सोबती आहे. त्याचे खापर बोअरच्या जड पाण्यावर फोडले जाते, पण पाण्यातल्या क्षारांपेक्षा पाणी कमी पिणे आणि घाम जास्त जाणे ही अधिक ठोस कारणे आहेत. उन्हात ऊस तोडणारा, वीटभट्टीवर किंवा ट्रकवर राबणारा माणूस दिवसभरात जेमतेम दोन तांबे पाणी पितो. खडा मूत्रवाहिनीच्या, म्हणजे मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंतच्या नळीच्या, अगदी खालच्या टोकाशी अडकला की सारखी लघवीची भावना होते आणि रुग्णाला वाटते, जंतुसंसर्ग झाला. या नळीतला ५ मिलिमीटरपेक्षा लहान खडा बहुधा आपोआप पडतो, त्याचे श्रेय मग हुलग्याच्या काढ्याला मिळो वा पानफुटीच्या पानाला. मोठा खडा अडकून राहिला आणि वेदना थांबल्या तर मात्र तो पडला असे गृहीत धरू नये. न दुखताही मूत्रपिंड निकामी होत जाते, म्हणून सोनोग्राफी पुन्हा करून खात्री करावी.

धार बारीक झालेला माणूस चाळिशीच्या आतला असेल तर प्रोस्टेटऐवजी मूत्रनलिका आकुंचन पावल्याचा संशय आधी घ्यावा. बैलगाडीच्या जूवर किंवा सायकलच्या दांडीवर पडून दोन पायांच्या मधे लागलेला जुना मार, पूर्वी घातलेली नळी किंवा गुप्तरोग ही त्याची कारणे असतात. त्यावर गोळी नाही. दुर्बिणीने ती जागा कापून मोकळी करतात, पण ती पुन्हा आवळण्याची शक्यता असते, आणि लांब किंवा वारंवार आवळणाऱ्या नलिकेला शस्त्रक्रियेने दुरुस्त करणे हाच टिकाऊ मार्ग ठरतो.

तरुणांच्या जळजळीबद्दल थोडक्यात. नलिकेतून पू येत असेल तर लैंगिक संसर्गाची तपासणी जोडीदारासह करावी. गुदद्वार आणि वृषणांच्या मधल्या जागी दुखत असेल तर प्रोस्टेटची सूज असू शकते आणि तिचे औषध कित्येक आठवडे चालते. महिनोन्महिने वारंवार लघवी होते, लघवीत पू पेशी दिसतात, पण कल्चरमध्ये जंतू वाढत नाहीत, अशा रुग्णात मूत्रमार्गाच्या क्षयाचा विचार झालाच पाहिजे. त्याची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

चौथी पायरी: घरी करण्यासारखे

त्रास सौम्य असेल आणि वर सांगितलेल्या धोक्याच्या खुणा नसतील, तर पहिले काही आठवडे एवढ्यावरच काढता येतात. लघवीची भीती वाटून पाणी तोडणे ही सर्वांत मोठी चूक आहे. पाणी एकूण कमी करायचे नाही, त्याची वेळ तेवढी बदलायची. दिवसभरात लघवी फिकट पिवळी राहील इतके पाणी प्यावे आणि झोपण्याआधीचे दोन-तीन तास मात्र हात आखडता घ्यावा. पायावर सूज असणाऱ्याने दुपारी उशिरा तासभर पाय उशीवर उंच ठेवून पडावे, म्हणजे ते पाणी झोपण्याआधीच निघून जाते. संध्याकाळचा चहा आणि दारू ही दोन्ही मूत्राशयाला डिवचतात. मुतखड्याच्या माणसाने पाणी इतके प्यावे की दिवसाची लघवी दोन ते अडीच लिटर भरेल, मीठ कमी करावे, दूध-दही मात्र सोडू नये, कारण आहारातले कॅल्शियम तोडल्याने खडे उलट वाढू शकतात.

लघवी झाल्यावर अर्धा मिनिट थांबून पुन्हा प्रयत्न केल्यास शिल्लक राहिलेली थोडी निघते. आवरल्यावर थेंब गळत असतील तर वृषणांच्या मागच्या बाजूने बोटांनी पुढे निपटत आणावे. तिथे अडकलेले थेंबच नंतर पायजमा ओला करतात. एकदम घाई होणाऱ्याने लगेच न धावता बसून राहावे, गुदद्वाराचे स्नायू आवळून धरावेत आणि लाट ओसरल्यावर चालत जावे. असे करत दोन वेळांमधले अंतर आठवड्याला दहा-पंधरा मिनिटांनी वाढवत नेता येते.

उन्हाळी लागल्यावर धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा आणि ताक घ्यायला कोणाची हरकत नाही, जळजळ बरीचशी पाण्याच्या कमतरतेची असते. दोन दिवसांत ती गेली नाही तर लघवी तपासावी. गोखरू, पुनर्नवा यांच्या चूर्णांनी वाढलेला प्रोस्टेट आकसतो, याला भरवशाचा पुरावा नाही. ती घेत असाल तर डॉक्टरपासून लपवू नये, आणि लेबल नसलेली पुडी मात्र घेऊच नये.

पाचवी पायरी: तपासण्या आणि अहवाल वाचणे

सुरुवातीला लघवीची साधी तपासणी, रक्तातील साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि पोटाची सोनोग्राफी पुरेशी होते. संसर्गाचा संशय असेल तर कल्चरसाठी नमुना अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी द्यावा. पुरुषांतला संसर्ग बायकांसारखा तीन दिवसांच्या गोळ्यांवर सोडायचा नसतो, कारण त्यामागे अडथळा, खडा किंवा प्रोस्टेटची सूज असण्याची शक्यता जास्त असते.

सोनोग्राफी सांगताना "लघवीनंतर किती शिल्लक राहते तेही पाहा" असे चिठ्ठीवर लिहून घ्यावे. यात एक फसगत होते. गर्दीच्या ठिकाणी पाणी पाजून तास-दोन तास बसवतात, मूत्राशयात ७००-८०० मिलिलिटर साठते, आणि इतके ताणलेले मूत्राशय निरोगी माणसाचेही नीट आकुंचन पावत नाही. मग अहवालात शिल्लक २०० येते आणि घरात ऑपरेशनची चर्चा सुरू होते. नेहमीसारखी भावना झाल्यावर, घाई न करता लघवी करून पुन्हा मोजले की हा आकडा बऱ्याचदा निम्म्यावर येतो.

दुसरी भीती "प्रोस्टेट ४५ ग्रॅम, ग्रेड २" या ओळीची. आकार आणि त्रास यांचे गणित सरळ नसते. ८० ग्रॅमचा प्रोस्टेट असलेला माणूस सुखाने झोपतो आणि ३० ग्रॅमवाल्याच्या ग्रंथीचा मधला भाग मूत्राशयाच्या तोंडावर झडपेसारखा बसल्याने त्याची लघवी तुंबते. आकाराचा खरा उपयोग कोणती गोळी आणि कोणती शस्त्रक्रिया हे ठरवण्यासाठी होतो. धारेचा वेग मोजणाऱ्या यंत्रात किमान १५० मिलिलिटर लघवी झाली तरच आकडा ग्राह्य धरतात. सेकंदाला १५ मिलिलिटरच्या वर वेग ठीक, १० च्या खाली असेल तर अडथळ्याची शक्यता बरीच, किंवा मूत्राशयच थकलेले.

पीएसए ही रक्ताची तपासणी कर्करोगाचा संशय घेण्यासाठी असते, कर्करोग ठरवण्यासाठी नव्हे. ४ च्या वरचा आकडा साध्या वाढीने, संसर्गाने, लघवी तुंबल्याने किंवा नळी घातल्यानेही येतो, म्हणून संसर्ग बरा होऊन सुमारे सहा आठवडे गेल्यावरच ती करावी. सुरुवातीचा कर्करोग बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात वाढत असल्याने लघवीचा त्रास देत नाही. म्हणजे त्रास नाही म्हणून कर्करोग नाही असे होत नाही, आणि त्रास आहे म्हणून तो असेलच असेही नाही. गुदद्वारातून बोटाने केलेली तपासणी अर्ध्या मिनिटाची असते आणि ग्रंथीचा कडकपणा त्यात थेट हाताला लागतो. ती नाकारू नये.

सहावी पायरी: गोळ्या

टॅमसुलोसिन, सिलोडोसिन, अल्फुझोसिन या गटातल्या गोळ्या प्रोस्टेट लहान करत नाहीत, मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू सैल करतात. गुण काही दिवसांत ते दोन आठवड्यांत दिसतो. उभे राहताना चक्कर येणे हा त्यांचा मुख्य धोका आहे आणि उन्हाळ्यात अंगातले पाणी कमी झालेले असताना तो वाढतो, म्हणून गोळी रात्री जेवणानंतर घेणे सोयीचे पडते आणि रात्री उठताना आधी खाटेच्या कडेला क्षणभर बसावे. काहींचे वीर्य बाहेर येत नाही किंवा फार कमी येते. हे निरुपद्रवी आहे, पण आधी सांगितलेले नसेल तर माणूस घाबरतो. मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले असेल तर ही गोळी चालू आहे, किंवा पूर्वी घेतली होती, हे डोळ्यांच्या डॉक्टरला अवश्य सांगावे, कारण तिच्यामुळे शस्त्रक्रियेत बाहुलीभोवतीचा पडदा ढिला पडतो.

ग्रंथी ३०-४० ग्रॅमपेक्षा मोठी असेल तर फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड जोडतात. ही औषधे ग्रंथी साधारण एक-चतुर्थांशाने आकसवतात, पण त्याला सहा महिने लागतात, आणि आमच्याकडे लोक महिन्याभरात "गुण नाही" म्हणून ती सोडतात. कामेच्छा किंवा ताठरता कमी होण्याचा त्रास काहींना होतो. या गोळ्या सुरू असताना पीएसए निम्म्यावर येतो, म्हणून अहवालातला आकडा दुप्पट करून वाचायचा असतो. त्या फोडून ठेवू नयेत आणि गरोदर बाईने फुटलेल्या गोळीला हात लावू नये.

घाई आणि वारंवारता जास्त असेल तर सोलिफेनासिनसारखी किंवा मिराबेग्रॉन ही औषधे देतात. पहिल्या गटाने तोंड कोरडे पडते, शौचाला घट्ट होते आणि फार वृद्धांमध्ये विसरभोळेपणा वाढू शकतो, मिराबेग्रॉनने रक्तदाब चढू शकतो. शिल्लक लघवी किती आहे हे पाहिल्याशिवाय ही औषधे सुरू करू नयेत. ताठरतेचाही त्रास असेल तर टाडालाफिल ५ मिलिग्रॅम रोज दिल्याने दोन्हींना उपयोग होतो, पण छातीत दुखल्यावर जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्याने ती कधीही घेऊ नये, रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो.

शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी त्याच्या कारणावर लागू पडलेली असते, हे एवढ्यावरून ध्यानात यावे.

सातवी पायरी: शस्त्रक्रिया कधी, कोणती, कुठे

नळी काढल्यावर पुन्हा लघवी तुंबणे, अडथळ्यामुळे मूत्रपिंड सुजणे किंवा क्रिएटिनिन वाढणे, मूत्राशयात खडा होणे, वारंवार संसर्ग किंवा प्रोस्टेटमधून वारंवार रक्त जाणे, यांपैकी काही असेल तर शस्त्रक्रिया लांबवण्यात शहाणपण नाही. गोळ्यांनी भागत नाही किंवा त्या सोसत नाहीत, हेही योग्य कारण आहे. नुसता अहवालातला आकार हे कारण नव्हे. अंथरूण नव्याने ओले होऊ लागलेल्या म्हाताऱ्या माणसाकडे विशेष लक्ष द्यावे. तो "म्हातारपण" नसून काठोकाठ भरलेल्या मूत्राशयातून ओसंडणारी लघवी असू शकते, त्यात दुखत नाही आणि मूत्रपिंडे गुपचूप खराब होतात.

तुंबलेल्या लघवीसाठी पहिल्यांदाच नळी घातली असेल तर टॅमसुलोसिनसारखी गोळी सुरू करून दोन-तीन दिवसांनी नळी काढून पाहतात आणि बऱ्याच जणांची लघवी सुरू होते. नळी असेपर्यंत पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली पण जमिनीला न टेकता ठेवावी आणि नळी मांडीला चिकटपट्टीने बांधावी. साधी रबरी नळी दोन ते चार आठवड्यांनी बदलावी लागते. ऑपरेशनच्या भीतीने वर्षानुवर्षे पिशवी घेऊन फिरणारी माणसे खेड्यात दिसतात. हृदयविकारामुळे खरोखरच भूल देता येत नसेल तर गोष्ट वेगळी, एरवी ही नळीच संसर्ग आणि खडे तयार करते.

सर्वांत प्रस्थापित शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होते. मूत्रनलिकेतून दुर्बीण घालून ग्रंथीचा अडवणारा आतला भाग खरवडून काढतात, बाहेरून टाका पडत नाही, बहुधा कमरेखालची भूल दिली जाते आणि नळी दोन-तीन दिवस राहते. फार मोठ्या ग्रंथीसाठी लेझरने आतला गाभा सोलून काढणे किंवा पोटातून शस्त्रक्रिया करणे हे पर्याय आहेत. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याला लेझरमध्ये रक्तस्राव कमी होत असल्याचा फायदा मिळतो, मात्र ती गोळी हृदयाच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय स्वतःहून थांबवायची नाही. या शस्त्रक्रियांनंतर बहुतेकांचे वीर्य मागे मूत्राशयात जाते, तेव्हा ज्याला अजून मूल हवे आहे त्याने हे आधीच बोलून घ्यावे. ताठरतेवर सहसा परिणाम होत नाही.

छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूर व नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये ही आपल्या भागातली मोठी सरकारी केंद्रे आहेत. मूत्ररोगतज्ज्ञ कोणत्या दिवशी बसतात हे फोनवर किंवा तिथे जाऊन आधी विचारावे, नाहीतर एक दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे दोन्ही वाया जातात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्ररोगाच्या बऱ्याच शस्त्रक्रियांचा समावेश आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याला रेशनकार्ड आणि आधारकार्ड दाखवून आपली शस्त्रक्रिया बसते का, हे दाखल होण्यापूर्वी विचारावे. दाखल होऊन पैसे भरल्यावर विचारण्यात अर्थ नसतो.

घरी आल्यावर दोन-तीन आठवडे लघवी मधूनमधून गुलाबी होते, त्याने घाबरू नये, पाणी वाढवावे. चार ते सहा आठवडे मोटारसायकल, पोती उचलणे आणि कुंथणे टाळावे. शौचाला घट्ट होत असेल तर सौम्य रेचक मागून घ्यावे. घाई आणि थोडी जळजळ काही आठवडे राहते, कारण अडथळ्याशी वर्षानुवर्षे झगडलेले मूत्राशय लगेच शांत होत नाही. गुठळ्या, ताप किंवा अडलेली लघवी मात्र थांबण्याची गोष्ट नव्हे. काढलेल्या तुकड्यांचा बायोप्सी अहवाल कागदावर हातात घ्यावा आणि तीन महिन्यांनी पुन्हा तीन दिवसांची वही भरून पहिल्या वहीशेजारी डॉक्टरसमोर ठेवावी.